सुपरमॅनची लाल चड्डी गेली कुठे आणि परत का आली?

“हो सुपरमॅन चड्डी पँटीच्या वयर कित्याक घालता?” कुडाळ-मालवणकडच्या कुठल्याही वर्गात सुपरमॅनचं चित्र काढा, हा प्रश्न येतोच. जुलै २०२५ मध्ये सुपरमॅन नव्याने पडद्यावर आला आणि या जुन्या प्रश्नाला नवा फाटा फुटला. २०१३ पासूनच्या चित्रपटांत हेन्री कॅव्हिलच्या अंगावर ती लाल चड्डी नव्हतीच. डेव्हिड कोरेन्स्वेटच्या अंगावर ती परत आली. त्याच महिन्यात फँटॅस्टिक फोरचा नवा चित्रपट आला आणि त्यात गॅलॅक्टस नावाचा महाकाय खलनायक चिलखत आणि शिरस्त्राण घालून शहरातून चालला. हाच गॅलॅक्टस २००७ साली पडद्यावर निव्वळ एक ढग होता. या दोन नव्या चित्रपटांच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, ‘एक्स-मेन’ या चमूतला वुल्व्हरिन अखेर पिवळ्या कपड्यांत दिसला.

मुलं विचारतात, मग खरा कुठला? मोठी माणसं वेगळं विचारतात. ज्याने ते चित्र पहिल्यांदा काढलं त्याच्या मेहनतीला काही किंमत आहे की नाही? वाटेल तेव्हा वाटेल तसे कपडे का बदलतात?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांचं उत्तर छापखान्यातल्या शाईपासून सुरू होतं. माझं म्हणणं थोडक्यात असं की चित्रातलं पात्र पडद्यावर येताना दोन कारणांनी बदलतं. काही बदल गरजेपोटी होतात, काही लाजेपोटी. गरजेचे बदल समजून घेतले तर आदर वाटतो. लाजेचे बदल बहुधा दहा-वीस वर्षांत मागे घ्यावे लागतात.

आधी कागद समजून घेऊ

सुपरमॅन १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापला गेला. जेरी सीगल यांनी तो लिहिला, जो शुस्टर यांनी काढला. तो छापला गेला तो कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, स्वस्त आणि खरबरीत. छपाईला चारच शाया: निळी, गुलाबीसर लाल, पिवळी आणि काळी. बाकीचे रंग या चौघींचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी किंवा एकावर एक छापून काढायचे. असल्या कागदावर शाई पसरते, नाजूक छटा टिकत नाहीत. म्हणून चित्रकार आणि रंग भरणारे कारागीर ठळक, सपाट, एकमेकांपासून सहज वेगळे दिसणारे रंग निवडत. त्या काळच्या नायकांचा निळा-लाल-पिवळा भडकपणा आवडीइतकाच छपाईतूनही आला आहे.

सुपरमॅनच्या काळ्या केसांत निळी चमक असते. काळं सगळं काळंच ठेवलं तर केसांचं वळण दिसणार नाही, म्हणून उजेड दाखवायला निळा वापरायचा असा रिवाज होता. बॅटमॅनच्या झग्याचंही तेच झालं. झगा काळा, त्यावर उजेडासाठी निळा, आणि हळूहळू तो निळाच समजला जाऊ लागला. हल्कची गोष्ट याहून नवलाची. १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता. तो राखाडी छापताना पानापानाला बदलत गेला, एकसारखा येईना. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. आज हिरव्या रंगाशिवाय हल्कची कल्पना कुणी करत नाही, पण तो रंग छपाईच्या अडचणीतून आला आहे.

आता चड्डी. त्या काळी अमेरिकेत सर्कशीतले ताकदवान पैलवान अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून त्यावर आखूड चड्डी चढवत. ‘हा अचाट शक्तीचा माणूस आहे’ हे वाचकाला एका नजरेत कळावं म्हणून तो वेश उचलला गेला. चित्र म्हणूनही तिचा उपयोग होता. ती काढून टाका, आणि छातीपासून पोटरीपर्यंत निळ्या रंगाचा एकच ठोकळा उरतो. लाल पट्टा मध्ये आला की धड कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतात हे बोटभर चौकटीतही समजतं.

कपडे अंगाला चिकटलेले का, याचं कारण चित्रकाराच्या मनगटात आहे. महिन्याच्या महिन्याला अंक काढायचा, एकच माणूस शेकडो वेळा रेखाटायचा. सुरकुत्या, बटणं, शिवणी काढत बसायला वेळ नसतो. नुसतं शरीर काढून त्यावर रंग भरला की काम झालं.

एक शब्द इथेच समजावून घेऊ: बाह्याकृती. पात्राच्या आतले सगळे तपशील काळे करून टाकले तरी त्याच्या कडेवरून जे ओळखू येतं ती बाह्याकृती. दोन टोकदार कान आणि पसरलेला झगा एवढंच उरलं तरी बॅटमॅन ओळखता येतो. कॉमिक्समधली टिकलेली बहुतेक पात्रं या कसोटीला उतरतात. आंगणेवाडीच्या जत्रेत खेळण्यांच्या दुकानांवर प्लास्टिकचे मुखवटे टांगलेले असतात, ते जरूर पाहा. मुखवटा बनवणाऱ्याने काय ठेवलं आणि काय गाळलं यावरून त्या पात्राचं मर्म कशात आहे ते कळतं.

पिंगुळीत हे केव्हाच घडलं आहे

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं, एका कथेच्या चित्रांची एक पोथी, आणि एकेक चित्र समोर धरून गाऊन सांगितलेली गोष्ट. याच समाजात कळसूत्री बाहुल्याही आहेत आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही आहे. या कलांसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आता रावण घ्या. कागदावर त्याची दहा तोंडं ओळीने काढायला रंग आणि हात एवढंच लागतं. तोच रावण दोऱ्यांनी नाचवायचा असेल तर दहा लाकडी तोंडांचं वजन, दोऱ्यांचा गुंता आणि बाहुलीचा तोल यांचा विचार आला. चामड्यातून कापून मागे दिवा लावायचा असेल तर कडा आणि पाडलेली भोकं यांनीच रावण उभा करायचा. तिन्हीकडे रावण एकच, पण चित्रातल्या रेषा जशाच्या तशा लाकडावर उतरवायचा हट्ट धरला तर बाहुली नाचणारच नाही.

कॉमिक्स आणि चित्रपट यांचं नातं हेच आहे. कागदाच्या अडचणींना दिलेलं उत्तर कॅमेऱ्याच्या अडचणींना लागू पडेलच असं नाही.

कापड कॅमेऱ्यासमोर येतं तेव्हा

१९५२ पासून अमेरिकेत टीव्हीवर सुपरमॅनची मालिका चालली. सुरुवातीचे दोन हंगाम कृष्णधवल होते. निळा आणि लाल हे दोन रंग कृष्णधवल चित्रणात जवळजवळ सारखेच करडे दिसू शकतात, म्हणून जॉर्ज रीव्ह्ज यांच्यासाठी तपकिरी आणि राखाडी छटांचा पोशाख शिवला गेला. पडद्यावर तो बरोबर ‘सुपरमॅनसारखा’ दिसे. म्हणजे मूळ रंग दिसावेत म्हणून मूळ रंगच सोडावे लागले.

१९७८ च्या चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह यांना उडताना दाखवायचं होतं. अशा दृश्यांची एक पद्धत म्हणजे नटाला निळ्या पडद्यासमोर उभं करायचं आणि नंतर तो निळा काढून तिथे आकाश भरायचं. पण इथे नटाचे कपडेच निळे. पडद्याबरोबर सुपरमॅनही नाहीसा व्हायचा. त्यावर तोड म्हणून अशा दृश्यांसाठी हिरवट झाक असलेला वेगळा निळा पोशाख वापरला गेला.

१९८९ च्या बॅटमॅनमध्ये मायकेल कीटन यांना फोम रबराचा काळा पोशाख दिला. छापील चित्रातल्या बॅटमॅनच्या अंगाचे स्नायू रेषेने येतात. माणसाच्या अंगावर ते आणायचे तर एकतर नटाने वर्षभर व्यायाम करायचा, नाहीतर पोशाखातच ते घडवायचे. घडवले. दिसायला जबरदस्त झालं, पण टोप आणि खांदे एकसंध असल्यामुळे मान वळेना. बाजूला बघायचं तर कीटन यांना कमरेपासून वळावं लागे, आणि त्या जडपणातून त्यांच्या बॅटमॅनची एक खास चालच तयार झाली. ही अडचण इतकी पुरली की २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, नवा पोशाख मागताना मान वळली पाहिजे असं सांगतो. अडचणीवरचा तोडगा थेट कथेत येऊन बसला, आणि मला हे फार आवडतं.

साधं ताणलेलं कापडही चालत नाही, कारण मोठ्या पडद्यावर चेहरा जवळून दिसतो तसा कपड्याचा पोतही दिसतो. कोपरात पडणारी चुणी, घामाचा डाग, गुडघ्याला सैल झालेलं कापड, सगळं दिसतं. कागदावर निळ्याचा एक हात मारला की संपलं. कॅमेऱ्याला सपाट रंग दिला की तो गोठलेला वाटतो, म्हणून कापडावर बारीक नक्षी, उठाव, शिवणींच्या रेषा घालतात. उजेड त्यात अडकतो आणि अंगाला गोलाई येते. २००२ च्या स्पायडरमॅनच्या पोशाखावर जाळं नुसतं रंगवलेलं नव्हतं, ते उठावदार होतं, ते यासाठीच.

तोंड झाकायचं की दाखवायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न मुखवट्याचा. स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली स्पायडरमॅन काढला तेव्हा त्याचा पूर्ण चेहरा झाकला. डोळ्यांच्या जागी मोठे पांढरे आकार. कागदावर यात काहीच बिघडत नाही. चित्रकार त्या पांढऱ्या आकाराला जरा बारीक करतो, जरा मोठा करतो, आणि राग किंवा आश्चर्य वाचकाला कळतं. खऱ्या काचांचे डोळे मात्र हलत नाहीत. आणि चित्रपट चालतो माणसाच्या चेहऱ्यावर.

म्हणून प्रत्येकाने आपापली वाट काढली. २००२ च्या चित्रपटात शेवटच्या मारामारीत मुखवटा फाटतो आणि अर्धा चेहरा दिसतो. २००४ मध्ये आगगाडी थांबवतानाच्या प्रसंगात तो निघालेलाच असतो. २०१६ पासूनच्या स्पायडरमॅनला यंत्राने उघडझाप करणारे डोळे दिले, आणि डिटको यांच्या कागदावरचं कसब चक्क पडद्यावर आलं. आयर्न मॅनसाठी २००८ साली कॅमेराच शिरस्त्राणाच्या आत नेला. बाहेर लोखंड, आत रॉबर्ट डाउनी यांचा घामेजलेला चेहरा आणि भोवती चमकणारे आकडे.

याची दुसरी बाजू जज ड्रेडची. १९७७ पासूनच्या ब्रिटिश कॉमिक्समधला हा न्यायाधीश-पोलीस शिरस्त्राण काढत नाही, त्याचा चेहरा वाचकाला दाखवत नाहीत. तो कायदा आहे, माणूस नाही, असा त्यामागचा विचार. १९९५ च्या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी शिरस्त्राण काढलं, कारण एवढा मोठा नट घ्यायचा आणि चेहरा झाकायचा हे निर्मात्यांना परवडण्यासारखं नसतं. २०१२ मध्ये कार्ल अर्बन यांनी सबंध चित्रपट फक्त हनुवटी आणि ओठांवर निभावला. मला विचाराल तर दुसरा ड्रेड कितीतरी खरा आहे. पहिल्यात फक्त टोप निघाला असं दिसतं, पण त्याबरोबर पात्राचा अर्थही निघून गेला.

लाजेपोटी झालेले बदल

वुल्व्हरिन १९७४ साली कॉमिक्समध्ये आला. पिवळा पोशाख, डोक्याच्या दोन बाजूंना टोकं काढलेला मुखवटा, उंची पाच फूट तीन इंच. बुटका, चिडका, रानटी. २००० सालच्या ‘एक्स-मेन’मध्ये ती भूमिका सहा फुटांहून उंच ह्यू जॅकमनने केली आणि सगळ्या चमूला काळ्या चामड्याचे कपडे मिळाले. चित्रपटात वुल्व्हरिन त्या काळ्या कपड्यांवर कुरकुरतो तेव्हा चमूतला सायक्लॉप्स त्याला विचारतो, मग काय पिवळं स्पॅन्डेक्स घातलं असतंस? थिएटर हसलं. पण त्या वाक्यात चित्रपटाने मूळ चित्राबद्दलची आपली शरम बोलून दाखवली होती.

त्या काळाचा विचार केला तर शरम समजते. १९९७ च्या भडक बॅटमॅन चित्रपटाची बरीच टिंगल झाली होती आणि १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ने काळ्या कपड्यांना प्रतिष्ठा दिली होती. सुपरहिरो मोठ्या माणसांनी गंभीरपणे पाहावा असं वाटत असेल तर रंग काढून टाका, हा सोपा हिशेब होता. २०१३ च्या सुपरमॅनची चड्डी गेली, निळा काळपटला, तोही याच हिशेबाने. कॉमिक्सवाल्यांनीही २०११ साली ती काढलीच होती. २००७ चा गॅलॅक्टस ढग झाला, कारण जॅक कर्बी यांनी १९६६ मध्ये काढलेला प्रचंड माणूस आणि त्याचं ते अवाढव्य शिरस्त्राण पाहून लोक हसतील ही भीती.

गरज आणि लाज वेगळ्या कशा ओळखायच्या? माझी एक साधी पद्धत आहे. बदलाने पात्राला काही नवं करता आलं का ते पाहावं. मान वळणारा बॅटमॅन लढू शकतो. डोळे हलवणारा स्पायडरमॅन बोलू शकतो. पण काळ्या चामड्यातल्या वुल्व्हरिनला पिवळ्यातल्या वुल्व्हरिनपेक्षा जास्त काय करता येतं? काहीच नाही. म्हणूनच चोवीस वर्षांनी जॅकमनने पिवळा पोशाख आणि तो टोकांचा मुखवटा घातला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

२०२५ च्या सुपरमॅनची चड्डी परत का आली याचं दिग्दर्शक जेम्स गन यांनी सांगितलेलं कारण ऐकण्यासारखं आहे. त्यांचाही आधी निर्णय होत नव्हता. कोरेन्स्वेट यांनी मुद्दा मांडला की हा परग्रहावरचा, डोळ्यांतून आग काढणारा माणूस आहे आणि लहान मुलांनी आपल्याला घाबरू नये असं त्याला वाटतं. मग तो थोडे गंमतीदार कपडेच घालेल. १९३८ सालचं पैलवानाचं कारण आज उरलेलं नाही. तरी त्याच वस्तूला पात्राच्या स्वभावातून नवं कारण मिळालं, आणि ते मला सगळ्या चामड्याच्या पोशाखांपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

“पण मूळ चित्राला हात लावायचाच कशाला?”

हा आक्षेप मनापासून येतो आणि त्याची टर उडवू नये. फक्त मूळ म्हणजे कुठलं, हे विचारावं लागेल. राखाडी हल्क की हिरवा? आयर्न मॅन १९६३ साली राखाडी पत्र्याच्या डब्यासारखा होता, मग सोनेरी झाला, लाल-सोनेरी त्यानंतर आला.

आपल्या घराघरांतला वेताळच घ्या, म्हणजे कॉमिक्समधला फँटम. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे कोकणातल्या दोन पिढ्या त्याच्यावर वाढल्या. जुन्या पेट्यांमध्ये ते अंक अजून सापडतात. ली फॉक यांनी १९३६ साली तो वर्तमानपत्रातल्या रोजच्या कृष्णधवल चित्रपट्टीसाठी निर्माण केला. त्यांच्या मनात त्याचा पोशाख राखाडी होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत चित्रपट्टी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तोच वेताळ निळा आणि इटलीत लाल. १९९६ च्या चित्रपटात बिली झेन यांनी जांभळा घातला, म्हणजे लेखकाच्या मनातला रंग सोडून अमेरिकन वाचकाच्या मनातला घेतला. स्वीडनच्या वाचकाला तो चुकीचा वाटला असेल आणि त्याचंही बरोबर आहे.

तरी प्रत्येक देशात वेताळ ओळखू येतो. डोक्यापासून पायापर्यंत एकसंध पोशाख, डोळ्यांवर काळी पट्टी, कमरेला दोन पिस्तुलं, हातात कवटीची अंगठी. हे बदललं तर मात्र वेताळ गेला.

“आता संगणकावर सगळं जमतं, मग जसंच्या तसं का नाही?”

जमतं, पण फसतंही. २०११ च्या ‘ग्रीन लँटर्न’मध्ये रायन रेनॉल्ड्सचा संपूर्ण पोशाख संगणकावर घडवला. शक्तीच्या अंगठीतून निघालेला पोशाख कापडाचा कशाला, हा विचार चांगला होता. पण खऱ्या चेहऱ्यावर पडलेला उजेड आणि खोट्या पोशाखावर पडलेला उजेड जुळेना, आणि मान दुसऱ्याच कुणाच्या धडावर बसवल्यासारखी दिसली.

दुसरी अडचण डोळ्यांची. जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडलं की कृत्रिम आकृती माणसासारखी होत गेली की आधी आपुलकी वाढते, पण ती जवळजवळ माणूस झाली आणि पूर्ण झाली नाही, तर एकदम किळस किंवा भीती वाटते. व्हिडिओ गेममधला सॉनिक हा निळा हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) २०१९ साली पडद्यावर यायचा होता. झलक बाहेर आली तेव्हा त्याला माणसासारखे दात आणि बारीक डोळे होते. लोक इतके चिडले की चित्रपट पुढे ढकलून त्याला पुन्हा घडवला आणि २०२० मध्ये मोठ्या डोळ्यांसह आणला. ‘टिनटिन’च्या २०११ च्या चित्रपटातही हा प्रश्न होता. त्याचे मूळ चित्रकार एर्जे यांनी त्याचे डोळे म्हणजे दोन ठिपके काढले होते. ठिपक्यात वाचक स्वतःला भरतो. त्या ठिपक्याच्या जागी बुबुळं, पापण्या, ओलसरपणा आला की तो एक विशिष्ट मुलगा होतो.

“हे सगळं खेळणी विकायलाच ना?”

काही अंशी हो. नव्या चित्रपटात नवं चिलखत म्हणजे दुकानात नवी बाहुली, हे उघड आहे. पण फक्त तेवढंच असतं तर ‘ब्लॅक पँथर’ घडला नसता. १९६६ च्या कॉमिक्समध्ये त्याचा पोशाख जवळजवळ साधा काळा होता. २०१८ च्या चित्रपटासाठी रूथ कार्टर यांनी आफ्रिकेतल्या अनेक समाजांचे वस्त्रप्रकार अभ्यासले. राणी रामोंडाचा गोल मुकुट झुलू विवाहित स्त्रियांच्या टोपीवरून घेतला आणि थ्री-डी छपाईने तयार केला. कार्टर यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. कागदावर वाकांडा, म्हणजे ब्लॅक पँथरचा देश, एक कल्पना होती, कपड्यांनी त्या देशात माणसं वसवली.

२०११ च्या कॅप्टन अमेरिकाचीही गोष्ट अशीच हुशारीची. कॉमिक्समधला झेंड्याच्या रंगाचा ताणलेला पोशाख त्याला चित्रपटात मिळतो, पण युद्धरोखे विकण्याच्या नाटकात. सैनिक त्याची हुर्यो उडवतात. मग तो खऱ्या लढाईला जातो तेव्हा पट्टे, चामडं, शिरस्त्राण येतं आणि टोपावरची पंखं फक्त रंगवलेली राहतात. मूळ चित्र लपवलंही नाही, त्याची लाजही धरली नाही. त्याला कथेत जागा दिली.

पडद्यावरून पुन्हा कागदावर

रस्ता एकाच दिशेचा नाही. जोकरचं ते ताणलेलं हसू १९२८ च्या एका मूकपटातल्या कॉनराड फाइट यांच्या छायाचित्रावरून आलं. जोकरची साथीदार हार्ले क्विन १९९२ च्या बॅटमॅन कार्टून मालिकेत जन्मली आणि मग कॉमिक्समध्ये गेली. एक्स-मेनच्या चित्रपटानंतर २००१ मध्ये कॉमिक्समधल्या एक्स-मेननीही काळी जाकिटं घातली, आणि २००४ मध्ये रंगीत पोशाख परत घेतले. कॉमिक्समधला हेरप्रमुख निक फ्युरी १९६३ पासून गोरा होता. २००२ च्या एका नव्या मालिकेत ब्रायन हिच यांनी तो सॅम्युअल जॅक्सन यांच्या चेहऱ्याचा काढला, आणि २००८ मध्ये पडद्यावर खुद्द जॅक्सनच निक फ्युरी म्हणून आले. नटाचा रंग बदलला म्हणून चिडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तो बदल आधी कागदावर झाला होता.

आपल्याकडची चित्रं पडद्यावर जातील तेव्हा

मराठीत हा प्रवास झालेला आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज भेटायचा. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याच्यावर चित्रपट केला. तिथे ना चिलखत होतं, ना मुखवटा. अडचण एकच: रेषेतलं पोर वर्षानुवर्षं त्याच वयाचं राहतं, पडद्यावरचं खरं पोर चित्रीकरणाच्या सुट्टीतसुद्धा वाढतं. त्याच्या पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला.

कोकणापुढचा खरा प्रश्न मात्र पिंगुळीच्या पोथ्यांचा आहे. आज ना उद्या कुणीतरी त्या चित्रांवरून अ‍ॅनिमेशन करेल आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. तेव्हा पहिली अडचण येईल ती चेहऱ्याची. चित्रकथीतली माणसं बहुतेक एका बाजूने काढलेली असतात आणि तरी डोळा मोठा, उघडा, ठसठशीत असतो. राम डावीकडे बघतो तोवर ठीक. तो कॅमेऱ्याकडे वळला की काय करायचं? सोपा मार्ग असा की दूरदर्शनवरच्या मालिकांसारखा गोडसर चेहरा समोरून बसवून द्यायचा. तो लाजेचा मार्ग ठरेल, आणि पोथीतलं जे काही आहे ते त्या एका वळणात संपेल.

दुसरा मार्ग पिंगुळीतच आहे. ज्या घरांत ही चित्रं जपली गेली त्याच परंपरेत लाकडी बाहुल्या आहेत, आणि लाकडी बाहुलीला समोरचा चेहरा असतो. एका बाजूच्या रेषेतलं पात्र चहूबाजूंनी कसं घडवायचं हे तिथल्या हातांनी आधीच सोडवून ठेवलं आहे. अ‍ॅनिमेशन करणाऱ्याने पोथी आणि बाहुली शेजारी-शेजारी ठेवून, ती करणाऱ्यांच्या सोबत बसून, पहिलं रेखाटन करावं. आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं सल्लागार म्हणून शेवटी टाकू नयेत, पात्रांचे रचनाकार म्हणून वर लिहावीत.